डोंगर कुणी रचले, वार कुणी मोजले?

बालमित्रांनो, संगणकावर लढाईचे खेळ तुमच्यापैकी पुष्कळ जण खेळत असतील. खेळ सुरू करताना कधीकधी एक गमतीचा पर्याय दिसतो. त्यावर ‘रँडम मॅप’ असं लिहिलेलं असतं. बटण दाबलं, की क्षणभरात एक नवा देश समोर हजर! डोंगर आहेत, नद्या आहेत, गर्द जंगलं आहेत, गावं आहेत आणि एका किल्ल्याकडून दुसऱ्याकडे जाणारी वाटही आहे. पुन्हा बटण दाबा, आणखी एक देश. कुणी चित्रकार आत बसून एवढ्या भरभर नकाशे काढतोय की काय?

मग लढाई सुरू होते. तुमचा शूर शिपाई शत्रूवर वार करतो आणि तो वार हुकतो. दुसरा वारही हुकतो. शत्रूचे मात्र दोन्ही लागतात! अशा वेळी तोंडातून हटकून एकच वाक्य निघतं, “संगणक चीटिंग करतोय!”

खरंच करतो का हो? चला, आज या खेळांचं झाकण उघडून आत डोकावून बघू या.

झाकण उघडता येणारा खेळ

यासाठी आपण ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा खेळ घेऊ. तो निवडायला कारण आहे. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. पहिली पक्की आवृत्ती २००५ मध्ये आली. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक तो घडवत आले आहेत. खेळ फुकट आहे, शिवाय त्याचा प्रोग्रामही सगळ्यांना वाचायला खुला आहे. म्हणजे घड्याळ नुसतं वेळ दाखवत नाही, तर मागचं झाकण काढून चाकंही बघू देतं, असं समजा.

खेळाची कल्पना साधीच आहे. नकाशा मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचा असतो. प्रत्येक घरात माळ, जंगल, टेकडी, डोंगर, पाणी किंवा गाव. तुमच्याकडे भालाईत, जादूगार, घोडेस्वार असं सैन्य. समोर कधी ऑर्क नावाचे राक्षसी योद्धे, तर कधी चक्क चालते-फिरते सापळे!

करवंट्यांचे डोंगर

आधी नकाशा. समजा, तुमच्यापुढे एक मोठा सपाट पाट आहे आणि तुमच्याजवळ लहान-मोठ्या नारळाच्या शेकडो करवंट्या आहेत. डोळे मिटा आणि एकेक करवंटी पाटावर कुठेही उपडी घाला. काही एकमेकींवर पडतील, काही एकट्याच राहतील. जिथे चार-पाच एकावर एक चढल्या, तिथे उंचवटा झाला. जिथे एकही पडली नाही, तिथे खळगा राहिला.

वेसनॉथचा नकाशा अगदी असाच तयार होतो, बरं का! प्रोग्राम कुठला तरी बिंदू निवडतो, कुठली तरी त्रिज्या निवडतो आणि तेवढा अर्धगोल तिथे ठेवतो. मग दुसरा, तिसरा, असे कितीतरी. एकाच जागी आलेल्या अर्धगोलांच्या उंचीची बेरीज होते. शेवटी सगळ्यात खोल जागेला ० आणि सगळ्यात उंच जागेला १००० असे गुण देऊन बाकीच्यांना मधले गुण दिले जातात.

आता रंग भरायचे. गुण फार कमी असतील तिथे खोल पाणी, थोडे जास्त असतील तिथे उथळ पाणी, मग गवताळ माळ, मग टेकड्या आणि सगळ्यात वर डोंगर. बेट हवं असेल तर एक छान युक्ती आहे. मध्यभागाजवळ पडणाऱ्या करवंट्या उंची वाढवतात आणि कडेला पडणाऱ्या उलट्या, म्हणजे उंची कमी करणाऱ्या धरतात. मधे जमीन वर येते, कडेनं समुद्र पसरतो!

पण नुसत्या उंचीनं देश होत नाही. म्हणून याच पद्धतीनं आणखी एक अदृश्य नकाशा बनतो, तो तापमानाचा. उंची आणि तापमान या दोहोंची सांगड घातली, की कुठे बर्फ, कुठे वाळवंट आणि कुठे जंगल ते ठरतं.

नदी उतारानं, वाट वळणानं

नदी कशी काढणार? खऱ्या नदीसारखीच. उंचावर सुरुवात करायची आणि शेजारच्या घरांपैकी खालच्या घराकडे सरकत पाण्यापर्यंत पोचायचं. मधे लहानसा चढ आला, तर थोडी सूट देतात. नाहीतर बिचारी नदी पहिल्याच खळग्यात अडकून बसायची!

नंतर किल्ल्यांच्या जागा ठरतात. दोन किल्ले अगदी शेजारी आले तर खेळात मजा काय? म्हणून त्यांच्यात पुरेसं अंतर आहे ना, हे प्रोग्राम तपासतो. मग रस्ते. डोंगरातून जायला कष्ट जास्त, माळावरून कमी. हा हिशेब मांडून कमी कष्टाची वाट शोधली जाते. पण अशी वाट फार सरळ दिसते. म्हणून त्यात मुद्दाम थोडा लहरीपणा मिसळतात, की झाली नागमोडी पायवाट! वाटेत पाणी आलं तर पूल.

गावंही कुठेही टाकत नाहीत. कुठल्या जमिनीवर आणि कशाच्या शेजारी गाव शोभेल, याचे गुण ठरलेले असतात. आपल्याकडे गावं पाण्याच्या आधारानं का वसली, हे भूगोलात शिकलात ना? तेच शहाणपण इथे आकड्यांत लिहिलेलं आहे.

आणि गावांची नावं? तीसुद्धा तयार होतात. सोलापूर आणि लातूर ही दोन नावं घ्या. पहिल्यात ‘ला’नंतर ‘पू’ येतो, दुसऱ्यात ‘ला’नंतर ‘तू’ येतो. म्हणजे ‘सोला’पर्यंत आल्यावर दोन वाटा फुटतात. दुसरी वाट धरली, की ‘सोलातूर’! असं गाव नकाशावर नाही, पण ऐकायला अगदी खरं वाटतं. नावांची यादी घ्यायची, कुठल्या अक्षरांनंतर कोणतं अक्षर येतं ते टिपायचं आणि त्यावरून नवं नाव जुळवायचं. या पद्धतीला ‘मार्कोव्ह साखळी’ म्हणतात. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञावरून हे नाव पडलं.

एका आकड्यात अख्खा देश

इथे एक कोडं आहे. करवंटी ‘कुठेही’ टाकायची, असं आपण म्हटलं. पण संगणक तर सांगितलेलंच काम करतो. मग त्याला ‘कुठेही’ कसं जमतं?

तो फासे टाकत नाही, आकडेमोड करतो. तुम्हीही करून बघा. वहीत १ लिहा. त्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि उरलेली बाकी लिहा. बाकी आली ८. आता ८ घेऊन तेच करा. ४० अधिक ३ म्हणजे ४३, बाकी ११. पुढे १०, ५, १२, १५, १४, ९, ० असे आकडे येत जातील. नियम माहीत नसलेल्या मित्राला दाखवा, त्याला वाटेल तुम्ही मनाला येईल ते लिहिताय! ० ते १५ हे सोळाही आकडे एकेकदा येऊन गेले, की गाडी पुन्हा १ वर येते.

वेसनॉथ यासाठी ‘मर्सेन ट्विस्टर’ नावाची पद्धत वापरतो. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी ती तयार केली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. आपली गाडी सोळा आकड्यांनंतर फिरून आली. त्यांची गाडी किती आकड्यांनंतर फिरून येते, ती संख्या लिहायलाच सहा हजारांहून अधिक अंक लागतात!

सुरुवातीच्या आकड्याला ‘सीड’, म्हणजे बी म्हणतात. बी तेच असेल आणि मांडणीही तीच असेल, तर देशही तोच उगवतो. ही युक्ती जुनी आहे. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल यांनी ‘एलीट’ नावाचा अंतराळाचा खेळ केला. तो ज्या बीबीसी मायक्रो संगणकावर आला, त्याची स्मृती होती फक्त ३२ किलोबाइट. तरीही खेळात आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे होते. ते साठवलेले नव्हतेच, गरज पडेल तेव्हा बियांमधून उगवत होते.

आता लढाई!

चला, रणांगणावर. एका बाजूला भालाईत. त्याचं लाइफ ३६. तो एका हल्ल्यात तीन वार करतो, प्रत्येक वार ७ चा. दुसऱ्या बाजूला ऑर्क ग्रंट. लाइफ ३८, दोन वार, प्रत्येक ९ चा. (खेळाच्या आवृत्तीप्रमाणे आणि शिपायाच्या जन्मजात गुणांप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात.) दोघं आळीपाळीनं वार करतात. भाला लांब असल्यामुळे भालाईताचा वार नेहमी आधी, हल्ला कुणीही केलेला असो.

पण प्रत्येक वार लागतोच असं नाही. वार लागण्याची शक्यता, ज्याच्यावर वार होतोय तो कुठे उभा आहे त्यावर ठरते. भालाईत उघड्या माळावर असेल तर १०० पैकी ६०. गावात किंवा किल्ल्यात असेल तर ४०. उथळ पाण्यात उभा असेल तर तब्बल ८०! प्रत्येक वारासाठी संगणक ० ते ९९ मधला एक आकडा काढतो. माळावर तो ६० पेक्षा कमी आला तर वार लागला, नाहीतर हुकला. बस, एवढंच.

आता ग्रंटचे दोन्ही वार हुकण्याची शक्यता काढू. माळावर १०० हल्ले झाले असं समजा. त्यांतल्या सुमारे ४० हल्ल्यांत पहिला वार हुकेल. त्या ४० पैकी १०० ला ४० या हिशेबानं १६ हल्ल्यांत दुसराही हुकेल. म्हणजे शंभरात १६ वेळा भालाईताला ओरखडासुद्धा नाही. ३६ वेळा दोन्ही वार लागतील आणि उरलेल्या ४८ वेळा एकच.

तोच भालाईत गावात असेल तर? दोन्ही वार लागणार फक्त १६ वेळा. आणि पाण्यात असेल तर ६४ वेळा! पाहिलंत? शिपाई तोच, शत्रू तोच. तुम्ही त्याला कुठे उभा केलात, एवढ्यानं केवढा फरक पडला.

सूर्य कुणाच्या बाजूनं?

आणखी एक गंमत. या खेळात दिवस सहा भागांचा आहे. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. भालाईत उजेडाचा माणूस, त्याचा वार दिवसा पाव पटीनं वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो. ऑर्कचं नेमकं उलट.

म्हणून दिवसा भालाईताचा वार ९ चा होतो आणि ग्रंटचा ७ चा. सगळे वार लागले तर २७ विरुद्ध १४. रात्री भालाईताचा वार ५ चा आणि ग्रंटचा ११ चा. सगळे लागले तर १५ विरुद्ध २२. म्हणजे रात्री ऑर्कच्या अंगावर धावून जाणं हा शूरपणा नव्हे, वेडेपणा! अंधार पडला की माघार घ्यायची, गावात पाय रोवायचे आणि उजाडलं की तुटून पडायचं.

हत्याराचाही विचार हवा. समोर हाडांचा सापळा असेल तर भाला त्याच्या बरगड्यांतून आरपार निघून जातो! सापळ्याला टोचणाऱ्या हत्याराची इजा ६० टक्के कमी होते. संध्याकाळी ७ चा वार जेमतेम ३ चा उरतो. जादूगाराची आग मात्र सापळ्याला २० टक्के जास्त झोंबते, ७ चे ८ होतात. शिवाय जादूचा वार शत्रू कुठेही लपला तरी १०० पैकी ७० वेळा लागतो. पण जादूगाराचं लाइफ २४. त्याला पुढे ढकलून चालत नाही, जपावं लागतं.

लढाईचा असा हिशेब संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागात, फॉन राइसवित्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ तयार केला. त्यात नकाशा होता, ठोकळ्यांचं सैन्य होतं आणि नुकसान किती झालं हे फासे टाकून कोष्टकावरून ठरत असे. फासे कशाला? कारण खऱ्या रणांगणावर योजना कितीही चांगली असली, तरी काहीतरी अनपेक्षित घडतंच. ते घडल्यावर काय करायचं, हेच तर शिकायचं होतं.

मग संगणक चीटिंग करतो का?

आता मूळ भांडणाकडे वळू. चार वार करणारा शिपाई घ्या. प्रत्येक वार लागण्याची शक्यता १०० पैकी ६०. चारही हुकण्याची शक्यता किती? सुमारे अडीच टक्के. म्हणजे साधारण ३९ हल्ल्यांत एकदा. मोठ्या खेळात असे शंभर हल्ले झाले, तर दोन-तीनदा हे व्हायचंच! ते झालं नाही, तरच आश्चर्य.

पण आपलं मन मोठं लबाड असतं. शत्रूचे चारही वार हुकले तेव्हा आपण म्हणतो, “कसा चकवला त्याला!” आपले हुकले की म्हणतो, “अन्याय!” पहिली गोष्ट तासाभरात विसरतो, दुसरी मात्र आठवडाभर मित्रांना सांगत फिरतो.

वेसनॉथमध्ये या भांडणावर औषध आहे. हल्ला करण्याआधीच एक खिडकी उघडून कोणाचं किती लाइफ उरण्याची किती शक्यता, ते बघता येतं. आणि खेळ चालू असताना आकडेवारीचं पान उघडलं, तर तुमचं नुकसान किती व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं, ते शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं. कित्येकदा तक्रार करणाऱ्या खेळाडूलाच कळतं, की नशीब तर बरोबरीचंच होतं. भालाईतांना रात्री पाण्यात उभं केलं होतं आपणच!

आणखी एक चूक सगळे करतात. “तीन वार हुकले, आता चौथा लागणारच.” नाही हो! चौथ्या वाराला आधीच्या तिघांची काहीच माहिती नसते. त्याची शक्यता होती तेवढीच, १०० पैकी ६०. नाणं असो, फासा असो की संगणकाचा आकडा, त्याला मागचं काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला.

आई-बाबा, हे वाक्य तुमच्यासाठीसुद्धा आहे. खेळात ही चूक झाली तर एक लाकडी किल्ला जातो. पैसे लावून खेळताना झाली तर घरातले पैसे जातात. “इतक्यांदा हरलो, आता जिंकणारच” या एका समजुतीवर जुगाराचा सगळा धंदा उभा आहे. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत कितीतरी जण असेच कर्जात बुडाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा दाराशी उभा राहतो, समज डोक्यात लागते. मूल शक्यतेचा हिशेब फुकटच्या खेळात, हसत-खेळत शिकलं, तर पुढे त्याला फसवणं अवघड जाईल. तेव्हा “काय मेला सारखा गेम!” असं म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, “तुझा शिपाई तिथेच का उभा केलास?” उत्तर ऐकण्यासारखं असेल. आणि हो, मुलांनो, आईनं हाक मारली की खेळ सेव्ह करून उठायचं. ऑर्क कुठेही पळून जात नाहीत!

करून पाहा

संगणक नसला तरी अडत नाही. कागदाच्या दहा चिठ्ठ्यांवर ० ते ९ लिहा आणि पिशवीत घाला. ० ते ५ आलं तर वार लागला, ६ ते ९ आलं तर हुकला. दोन वारांचा एक हल्ला. प्रत्येक वेळी चिठ्ठी पिशवीत परत टाकून हलवायला विसरू नका. असे ५० हल्ले करा आणि वहीत तीन रकाने आखून खुणा करा: एकही नाही, एक, दोन्ही.

हिशेबानं साधारण ८, २४ आणि १८ यायला हवेत. तुमचे अगदी तेवढेच येणार नाहीत. ११, २१, १८ येतील किंवा ६, २५, १९. मग मित्राच्या वहीतल्या खुणा तुमच्या खुणांत मिळवा. वर्गातल्या दहा जणांच्या मिळवा. जितक्या जास्त वह्या, तितकी टक्केवारी त्या हिशेबाच्या जवळ सरकते.

नकाशासाठी चौकटीची वही घ्या. १० बाय १० चौकटी आखा, रांगांना आणि स्तंभांना ० ते ९ आकडे द्या. त्याच पिशवीतून एक चिठ्ठी रांगेसाठी, एक स्तंभासाठी काढा. ज्या चौकटीवर याल तिथे २ लिहा, तिला चिकटलेल्या आठही चौकटींत १ मिळवा. असं पंचवीस वेळा करा. मग ० ला निळा, १ आणि २ ला हिरवा, ३ आणि ४ ला पिवळा, त्याहून मोठ्या आकड्यांना तपकिरी रंग द्या. तुमच्या हातांनी केलेला, याआधी कुणीही न पाहिलेला देश तयार! आता नदी कुठून निघेल, गाव कुठे वसेल आणि किल्ला कुठे बांधाल, ते तुम्हीच ठरवा. नावंही शोधा. फक्त ‘सोलातूर’ नको, ते आम्ही आधीच घेतलंय!